पावलं बघणारे काका

दुबईत अल कुसैसला आमच्या वरच्या मजल्यावरचे काका ऑफिसातल्या अमेरिकन साहेबाकडून तिकडच्या, बॉल हातात घेऊन खेळायच्या कॉलेज फुटबॉलच्या कॅसेट आणत. बॉल फेकणाऱ्यावर तुटून पडणारी पोरं ते टीव्हीचा आवाज बंद करून, नुसत्या पावलांवरून पारखत. मोठ्या संघात कोण टिकेल, हे साहेबही त्यांनाच विचारी. "हा नको. गुडघा खलास," म्हणत ते 'च्च' करत. पुढच्या कॅसेटमध्ये तो पोरगा स्ट्रेचरवर दिसे.

मी घराण्यातला पहिला ग्रॅज्युएट. असल्या भाकितांवर माझा विश्वास नाही.

एकदा जिना चढताना मागून 'च्च' ऐकू आलं. काका माझ्या पावलांकडे बघत होते.

"हबीबी, लिफ्टनं जात जा," ते प्रेमानं म्हणाले.

बांधकामाच्या साइटवर शिड्या चढणं हीच माझी नोकरी. तेव्हापासून काका दिसले की ते नजरेआड होईपर्यंत मी जागचा हलत नाही.