रविवारची परवानगी

उभ्या पुण्यात कॉम्प्युटरला शिस्त लावणारा माणूस एकच, आणि तो बिबवेवाडीत आमच्या वरच्या मजल्यावर राहतो. आपण सगळे कॉम्प्युटर सांगेल तसे वागतो. काकांचा कॉम्प्युटर काकांना विचारून वागतो. त्यांच्या घरातून रद्दीसुद्धा पान न् पान तपासल्याशिवाय बाहेर पडत नाही. रद्दीवाला जिन्यात बसून चहा पितो आणि काका आत वर्तमानपत्रं झटकत असतात. त्यामुळे नव्या कॉम्प्युटरमध्ये आपण फाइल पुसली, की ऑपरेटिंग सिस्टिम डिस्कला परस्पर 'ही जागा रिकामी करून टाक' असं कळवते, हे समजल्यावर काका खवळले. "रद्दी माझी, आणि मला न विचारता टाकणार हा?" सेटिंग्ज धुंडाळून त्यांनी हे आपोआप होणं बंद केलं. मग दर रविवारी पूजा आटोपली, की पुसलेल्या फायलींची वहीतली यादी वाचून ते स्वतःच्या हाताने डिस्कला परवानगी देत; तोवर पुसलेलं सगळं डिस्कवर तसंच पडून राही. मी एकदा म्हणालो, "काका, यानं डिस्क मंदावते." "मीही मंदावलोय," काका म्हणाले, "मला टाकलंय का कोणी?"

गेल्या वर्षी काकू गेल्या. त्यानंतर एका गुरुवारी काकांच्या कॉम्प्युटरवर जागा करून देताना मी 'किरकोळ' नावाचं फोल्डर न उघडता कायमचं उडवलं. चहा घेऊन आलेले काका पडद्याकडे बघून खुर्चीत बसले आणि त्यात काय होतं ते त्यांनी सांगितलं. त्या फोल्डरमध्ये काका मंडईत गेले की काकू फोनवर बोलून पाठवायच्या ते निरोप होते. 'कोथिंबीर हुंगून घ्या', 'केळी कालच्यासारखी नकोत'. हा माणूस आपलं सगळ्यात मोलाचं 'किरकोळ'मध्येच ठेवणार, हे मला समजायला हवं होतं.

माझ्या कॉम्प्युटरवर ते आवाज केव्हाच संपले असते; काकांच्या डिस्कवर अजून रविवार उजाडला नव्हता. पुसलेलं शोधणारा प्रोग्रॅम लावला आणि संध्याकाळपर्यंत एकेक निरोप परत आला. शेवटचा मी वाजवून पाहिला. "अहो, कुठे राहिलात? भात निवतोय."

"आलोच," काका कॉम्प्युटरला म्हणाले.

मला रडू आवरेना. त्यांनी मात्र माझ्याकडे न बघता गार झालेला चहा उचलला आणि दुसरा टाकायला आत गेले.

त्या निरोपांच्या दोन प्रती मी त्यांना काढून दिल्या आहेत, आता धोका काहीच नाही. तरीही रविवारी काका वही उघडतात, यादी वाचतात आणि परवानगी न देता मिटून ठेवतात. डिस्क आता फारच मंद झाली आहे. मी चहा टाकायला आत जातो.