सर्व्हेअरकाकांचे वारूळ

सर्व्हेअरकाकांना सरळ रेषेचा राग होता. डिचोलीच्या खाणींवर मोजणी करण्यात ज्याचा जन्म गेला, त्या माणसाने असे बोलावे याचे मला प्रथम नवल वाटले. "सरळ रेघ मारली की डोंगर जाता, बाय," ते म्हणत. "माज्या रेघेन किती गेले ता माका इचारू नको." उद्यानातही ते पायवाट सोडून झुडपांना वळसे घालत चालत.

शहराच्या उद्यानाचे नूतनीकरण ठरले, तेव्हा ते नागरिक समितीचे अध्यक्ष होते आणि मी पर्यावरणशास्त्राची पदवी घेऊन आराखड्याच्या कामावर नुकतीच आलेली. उद्यानाच्या मागच्या कोपऱ्यात पाण्याची एक झर, किंदळीची जुनी झाडे आणि त्यांच्याखाली छातीइतके उंच वारूळ होते. पालिकेला तिथे फरशीचा चौक हवा होता. मी सभेत मातीची सच्छिद्रता, पाण्याचे मुरणे, वाळवीचे कार्य असे सारे मुद्देसूद मांडले. सभासदांनी चहा घेतला.

मग काका शांतपणे उठले. "वारुळाक हात लावतलो कोण? नाव सांगा, देवीच्या गाऱ्हाण्यात घालूया."

आमच्या भागात वारूळ म्हणजे साक्षात सातेरी देवी. नाव कोणीच सांगितले नाही. कोपरा वाचला.

बाहेर आल्यावर मी चिडून म्हटले, "काका, तुम्ही तर देवळातही जात नाही."

"तुजा शास्त्र खरा गो. पण पालिकेत खऱ्याक बसूक खुर्ची नाय. देवीक आसा."

"आणि उद्या देवीसाठीच कोणी काही बांधले तर?"

ते हसले. "तुका सगळ्यात खोट दिसता. उद्या लगीन झाला तर तुजो घोव कसो टिकतलो?"

वारुळापुढे आधी नारळ आला, मग समई, मग नवस. नवस फेडणाऱ्यांनी ठरवले की देवीने पावसात भिजता कामा नये. पत्र्याचे छप्पर चढले. भोवती गुळगुळीत फरशी बसवायचे ठरले, आणि देवीच्या अंगणात कचरा नको म्हणून पाचोळा रोज झाडून जाळला जाऊ लागला. फरशीच्या कामाचा नारळ फोडायला अध्यक्ष म्हणून काकांनाच बोलावले.

"आता तरी नाही म्हणा," मी म्हटले.

ते बराच वेळ नारळाची शेंडी पिळत राहिले. "देवीच्या कामाक नाय कशा तोंडान म्हणू? देवी मीच बसवली." आणि त्यांनी नारळ फोडला.

वाळवीला पाचोळा लागतो, वारुळाला हवा लागते. दोन्ही तोडल्यावर वाळवी गेली आणि हळदकुंकवाने माखलेला पोकळ ढिगारा उरला. झर फरशीखाली बुजली, किंदळी शेंड्यांपासून वाळत आल्या. काका उद्यानात येईनासे झाले. अखेरच्या भेटीत त्यांनी एवढेच विचारले, "वाळवी परत इली?"

"नाही," मी म्हणाले. त्यांनी भिंतीकडे तोंड वळवले.

पालिकेला हवा असलेला चौक अशा रीतीने झालाच. त्याला आता काकांचे नाव आहे.

सध्या मी पेडण्यातल्या एका उद्यानाचा आराखडा करते आहे. तिथेही काजऱ्याच्या झाडाखाली एक वारूळ आहे. नकाशात त्या जागी मी 'खडकाळ, विकासास अयोग्य' असे लिहिले आहे आणि वाट दुरून वळवली आहे. परवाच्या सभेत एका सभासदाने विचारले, "वाट सरळ का नेत नाही? तिथे काय आहे?"

"काही नाही," मी म्हणाले.