तिसरा पुकारा

माझ्या सासऱ्यांनी जन्मात कुणाला 'जेवायला चला' असं साधं म्हटलं नाही. ते जेवणाचा पुकारा करत. अंगणात उभं राहायचं, उजवा तळहात कानामागे धरायचा, मान जराशी वर करायची, आणि मग असा आवाज सुटायचा की समोरच्या निंबावरचे कावळे उडून जायचे. "महादेव वल्द गणपत, साकिन वाशीम, हाजिर है?" गणपत म्हणजे ते स्वतः, महादेव म्हणजे माझा नवरा, आणि तो चार हातांवर ओसरीत पाटावर बसलेला असायचा.

मामंजी वाशीमच्या कोर्टात पुकारेवाले शिपाई होते. मिसरूड फुटल्यापासून मिशा पांढऱ्या होईपर्यंत त्यांनी एकच काम केलं. खटल्याची पाळी आली की व्हरांड्यात उभं राहून वादी-प्रतिवादींना हाका मारायच्या. हाका तीन. तिसऱ्या हाकेलाही ओ आली नाही की माणूस गैरहजर, आणि निकाल एकतर्फी. कुणी झाडामागे चिलीम ओढत बसला, कुणी भजे खायला गेला, आणि तेवढ्यात हातचा दावा घालवून आला, अशा कहाण्या त्यांच्यापाशी पोत्याने होत्या. "तीन पुकाऱ्यात जो आला नाई, तो दुनियेतच नाई," असं ते म्हणत. गाव त्यांना पुकारेबुवाच म्हणायचं. पेन्शनीत निघाले तेव्हा पट्टा आणि बिल्ला सरकारजमा झाला, पण आवाज घरी आला आणि आमच्या डोक्यावर बसला.

बुधवारी कोर्टात पुकारे जास्त असायचे, म्हणून बुधवारी त्यांना घरात बसवत नसे. सकाळपासून दारातून आत, आतून दारात. शेवटी आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, वैतागून म्हणाल्या, "जा ना कुठी वावरात. तिथं बोंबला." ते त्यांनी मनावर घेतलं. दर बुधवारी बैलांची दमणी जुंपायची, कणीक, तुरीची डाळ, वांगी आणि गोवऱ्यांचं पोतं घ्यायचं, आणि कोसावरच्या आमच्या वावरातल्या आंब्याखाली रोडगे करून खायचे, असा नेम सुरू झाला. मौज मामंजींची, पोती बांधायचं काम माझं.

रोडगे म्हणजे कणकेच्या जाड पोळ्या एकात एक गुंडाळून केलेले मुठीएवढाले गोळे. ते गोवऱ्यांच्या आरात भाजायचे, राख झटकून फोडायचे आणि तुपात बुडवायचे. सोबत वरण आणि नाकातून पाणी काढणारी वांग्याची भाजी. हे काम मामंजींच्या हातून कधीच धड झालं नाही. रोडगे भाजावेत ते त्यांचे दोस्त कासमचाचा पिंजाऱ्यांनी. उभी हयात कापूस पिंजून त्यांचे हात असे हलके झाले होते की निखाऱ्यातला रोडगा ते मांजराचं पिल्लू उचलावं तसा उचलत. दुसरे दोस्त पेन्शनर गुरुजी. ते फक्त खात आणि मीठ कमी आहे म्हणत.

आमच्या घरी कासमचाचांचा कप वेगळा असे आणि तो कोनाड्यात उपडा असे. ते मला तेव्हाही आवडत नव्हतं, पण नव्या सुनेला कोण विचारतं. पहिल्या बुधवारी वावरात एका रांगेत पत्रावळी मांडल्या तेव्हा आत्याबाई कुरकुरल्या. मामंजींनी लगेच निवाडा दिला. "सोवळ्याची हद्द गावापुरती. पांदन ओलांडली का ते खातं आपल्याकडं नाई." आत्याबाईंनी तोंड वाकडं केलं, पण बसल्या. तेव्हापासून मामंजींच्या डाव्या हाताची पत्रावळ कासमचाचांची.

बसण्याआधी मात्र प्रत्येकाचा पुकारा व्हायचा आणि प्रत्येकाने 'हाजिर' म्हणायचंच. माझं काय झालं ऐका. डोक्यावर पदर, समोर सासरे, मी आपली मान हलवली. "मान हालवनं कोर्टात चालत नाई," मामंजी म्हणाले. "यमुना जौजे महादेव, हाजिर है?" नवऱ्याचं नाव जोडून भर शिवारात माझ्या नावाचा डंका. लाजेने मी मेल्याहून मेल्यासारखी झाले. आणि एकदा तर मी सगळ्यांसाठीच विहिरीवर पाणी आणायला गेलेली असताना तीन पुकारे झाले. मी घागर घेऊन येते तो माझी पत्रावळ उचललेली. "गैरहाजिर. निकाल झाला." मी आत्याबाईंकडे अपील केलं. त्या म्हणाल्या, "मलेबी दोन डाव उपाशी ठेवलं त्याईनं, मी काय करू?" त्या दिवशी घरी येऊन मी शिळी भाकर खाल्ली आणि चार दिवस मामंजींशी बोलले नाही. त्यांना ते कळलंच नाही, हे आणखी वाईट.

मग काही वर्षांनी तो हिवाळ्यातला बुधवार आला. कासमचाचा आमच्याकडे पाठ करून आरापाशी बसले होते. मामंजींनी पुकारा केला. "कासम वल्द इमाम, हाजिर है?" ओ नाही. दुसरा केला. चाचा रोडगे उलटताहेत. तिसरा केला. आम्हाला वाटलं, म्हातारा मुद्दाम गंमत करतोय. सगळे हसायला लागलो. मामंजींनी "गैरहाजिर" म्हणून त्यांची पत्रावळ गुंडाळून आंब्याच्या बुंध्याशी ठेवली. जो आम्हाला जेवण करून घालत होता, तोच गैरहजर, याचंच आम्हाला केवढं हसू.

चाचा टोपल्यात रोडगे घेऊन आले. त्यांनी रांगेकडे पाहिलं. मामंजींच्या डाव्या हाताची जागा रिकामी, आणि आम्ही सगळे त्यांच्याकडे बघून हसतोय. त्यांनी टोपलं हळूच खाली ठेवलं, धोतराला हात पुसले, "दुकानात काम हाय," म्हणाले आणि पायी निघाले. आम्ही तरीही हसतच होतो. मला आजही ते आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

पुढच्या बुधवारी चाचा आले नाहीत. गुरुजींना ते बाजारात भेटले होते. गुरुजींनी येऊन सांगितलं, "कासम म्हणतो, आमचं पान उठलं बाबा. इतके साल एका रांगेत वाढलं, तेच लई झालं."

मामंजी भरल्या पत्रावळीवरून उठले. "त्यानं असं समजलं?" एवढंच म्हणाले, आणि दमणीची वाट न पाहता तसेच गावाकडे चालू लागले.

पिंजाऱ्याच्या दुकानात काय झालं ते समोरच्या शिंप्याने नंतर आम्हाला रंगवून सांगितलं. चाचा पाठमोरे कापूस पिंजत होते. मामंजींनी मागून हाक मारली. चाचांनी वळून पाहिलं नाही. रागावलाय, असं वाटून त्यांनी मोठ्याने मारली. काही नाही. मग मामंजींनी कानामागे हात धरून खासा कोर्टाचा पुकारा सोडला. रस्त्याने जाणारा एक शेतकरी जागच्या जागी थांबून हात जोडून म्हणाला, "हाजिर हाओ साहेब, तारीख तं पुढच्या महिन्यात हाय ना माही?" गल्लीतली कुत्री भुंकायला लागली. चाचा मात्र तसेच कापसाचा पेळू सारखा करत बसलेले. तेव्हा कुठे मामंजींच्या ध्यानात आलं. उभा जन्म कानापाशी पिंजणाची तांत वाजवून चाचांचे कान गेले होते, आणि ते समोरच्याच्या ओठांकडे बघून निभावून नेत होते. मामंजी त्यांच्यापुढे न जाताच परत आले.

घरी येऊन ते ओसरीवर बसले. "त्याले ऐकू येत नाई वं," ते मला म्हणाले. या माणसाला हळू बोलता येतं, हे मला त्या दिवशी कळलं. "आन मी त्याले गैरहाजिर केलं."

"मग जाऊन सांगा ना तसं. माफी मागा," मी म्हटलं.

"माफी मागाची तं कारन सांगा लागते. कारन सांगाचं तं तोंडावर म्हना लागते, तू बहिरा हायेस. तो कवापासून लपवून राह्यला, आन मी सांगू?"

खरंच होतं ते. कान गेलेल्या पिंजाऱ्याला गिऱ्हाईकं फसवतात, म्हणून चाचा ते घरीसुद्धा बोलले नसावेत. मामंजी उरलेला दिवस ओसरीवरच बसून राहिले. जेवलेही नाहीत. संध्याकाळी दिवा लावायच्या वेळी त्यांनी मला दौत-टाक आणायला सांगितला. त्यांना सहीपुरतंच लिहिता येई. मी कारंज्याला माहेरी चौथीपर्यंत शिकलेली. ते सांगत गेले, मी लिहीत गेले. समन्स होतं ते.

'कासम वल्द इमाम, पेशा पिंजारी, साकिन वाशीम, यास कळविण्यात येते की, तुमच्या गैरहजेरीत झालेला एकतर्फी निकाल रद्द करण्यात आला आहे. पुकारेवाला गणपत याचा आवाज म्हातारपणामुळे बसला असून पुकारा तुमच्यापर्यंत पोचला नाही. सबब कसूर पुकारेवाल्याची. दंड म्हणून येत्या बुधवारी रोडगे पुकारेवाला स्वतः भाजील. तुम्ही जातीने हजर राहावे.'

लिहिता लिहिता माझा टाक अडला. ज्याच्या आवाजाने निंबावरचे कावळे उडत, तो माणूस सही करून देत होता की माझा आवाज आता पोचत नाही. माझ्या नवऱ्याने जाऊन समन्स बजावलं.

बुधवारी चाचा आले. कागद टोपीच्या घडीत होता. शिक्षेप्रमाणे रोडगे मामंजींनी भाजले, म्हणजे बाहेरून जाळले आणि आतून कच्चे ठेवले. मग पुकारा सुरू झाला. "कासम वल्द इमाम, हाजिर है?" चाचा बांधावरच्या शेळीकडे बघत होते. "दुसरा पुकारा. कासम वल्द इमाम..." चाचा शेळीकडेच. मामंजींनी घसा खाकरला, दोन पावलं पुढे सरकले. "दुसरा पुकारा." आणखी दोन पावलं. "दुसरा पुकारा." असं दुसरा, दुसरा करत त्यांनी चाचांना अर्धा फेरा घातला, पार शेळीच्या आणि त्यांच्या मधे जाऊन उभे राहिले. तेव्हा चाचांना ओठ दिसले.

"हाजिर! काहून इतका बोंबलून राह्यला गणपत? मी का बहिरा हाओ?"

"नाई गा," मामंजी म्हणाले, "माहाच आवाज बसला."

घरी येताना दमणीत मी भांडले. आता मला त्यांची तेवढी भीती राहिली नव्हती. "मामंजी, मी पान्याले गेली होती तं तुमी धडाधड तीन पुकारे केले. आन चाचाले सहा डाव दुसराच?"

"तुले ऐकू येते," ते म्हणाले. मग म्हणाले, "तू रुसली तं घरातच रुसशीन. तो रुसला तं कुठी भेटीन मले?" मी भांडण तिथंच सोडलं. जळका रोडगा मात्र पोटात दोन दिवस भांडत होता.

पुढे कितीतरी वर्षं हे असंच चाललं. आम्हा सगळ्यांना तीन पुकारे, चाचांना मात्र ओठ दिसेपर्यंत दुसराच. घरातला तो कोनाड्यातला कप एक दिवस आत्याबाईंनी स्वतःच बाकीच्या कपांत मिसळून टाकला.

हुरड्याच्या दिवसांत मामंजी गेले. चार दिवसांचा ताप, आणि आवाज खरोखरच बसला होता. त्यानंतर बुधवार आले की आम्ही बुधवार नसल्यासारखं वागायचो. मग एका बुधवारी सकाळी कासमचाचा दारात उभे. "बेटी, कणीक मळ," म्हणाले. मी मळली.

आंब्याखाली त्यांनी रोडगे भाजले, आणि पत्रावळी मांडताना मामंजींचीही मांडायला लावली. मग ते उभे राहिले आणि उजवा तळहात कानामागे धरला. बहिऱ्याच्या आवाजाला मोजमाप नसतं. "गणपत वल्द सखाराम, साकिन वाशीम, हाजिर है?" मामंजींच्या वरताण आवाज. बैलांनी माना वर केल्या. मग पांदनीकडे तोंड करून "दुसरा पुकारा." विहिरीकडे तोंड करून "दुसरा पुकारा." अर्धा फेरा पुरा करून ते आमच्याकडे वळले आणि खाली बसले.

गुरुजी सवयीने पुटपुटले, "तिसरा?"

चाचांनी ते ओठांवरून वाचलं. "तिसरा काहून? समन्सानंतर त्यानं मले कधी दिला का?" मग माझ्याकडे वळून म्हणाले, "दुसराच चालू हाय बेटी. वाढ."

मी मामंजींच्या पत्रावळीवर रोडगा वाढला.