उजेडाला कान कशाला?

केनियातल्या वेबुयेच्या बाजारात नालियाका आत्याचं शिवणाचं दुकान आहे. दार म्हणजे नुसता पडदा, पण बाहेरून "होदी" म्हणायचं आणि आतून "करिबू" आलं तरच तो सारायचा. पाद्र्यालाही सूट नाही. मी सख्खा भाचा, तरी भर पावसात बाहेर उभा राहिलोय.

फोनच्या बाबतीत मात्र आत्या पूर्वी ढिली होती. फुकटातलं काहीही उतरवून घ्यायची. मग एका मयतीत, ऐन प्रार्थनेच्या वेळी, तिच्या पर्समधून फुटबॉलवर पैज लावायची जाहिरात गात बाहेर आली. मेलेला सोडून सगळ्यांनी वळून पाहिलं. त्यानंतर तिने मला बसवून सेटिंग शिकून घेतल्या. आता कुठलं अ‍ॅप काय काय मागतंय ते ती चष्मा लावून वाचते, लग्नाच्या बोलणीत मुलीकडचे किती गाई मागताहेत ते ऐकावं तशी.

तिच्याकडे काजं-बटणं करणारी सितावा मारकुट्या नवऱ्याला सोडून आली होती. खोल्यांवर खोल्या बदलल्या, तरी तो दारात हजर. त्याने मांत्रिक धरलाय, असं बाजार म्हणायचा आणि तिलाही ते पटायला लागलं होतं. आत्याने तिचा फोन मागून घेतला. तो नवऱ्यानेच दिलेला निघाला. एकेक अ‍ॅप बघत आत्या बॅटरीच्या अ‍ॅपपाशी थांबली. साधा उजेड पाडायची बॅटरी, पण त्या अ‍ॅपला ठिकाण हवं होतं, मेसेज हवे होते, माईकही.

आत्याने फोन चालत्या मशीनवर ठेवला, मशीन चालवत ठेवायला दुकानातल्या दुसरीला बसवलं आणि सितावाला नि मला बाहेर घेऊन आली.

"उजेड पाडायला कान कशाला लागतात गं?"

काढून टाकू, मी म्हटलं.

"शहाणाच आहेस. आज काढलं की आजच त्याला कळेल. आधी ही जाऊ दे."

आत्याचा जुना बटणांचा फोन घेऊन सितावा एल्डोरेटला मावशीकडे गेली. तिचा फोन मशीनवरच राहिला.

दुसऱ्या दिवशी नवरा पडदा सारून थेट आत. आत्याने मान वर केली नाही.

"बाहेर जा. हाक मारून ये."

एवढा आडदांड, पण लहानपणापासून अंगात मुरलेलं, गेला बाहेर. "होदी," म्हणाला. मशीन चालू. पुन्हा "होदी." आजूबाजूचे दुकानदार हातातलं काम टाकून बघायला लागले. करिबू काही आलं नाही. शेवटी पाय आपटत तो निघून गेला.

मग आत्याने चष्मा लावला आणि बॅटरीचं अ‍ॅप काढायला बोट ठेवलं. फोनने विचारलं, नक्की काढायचं?

"बघ," आत्या म्हणाली, "आता विचारतोय."