पित्ताच्या गोळ्या

समस्त पेणकर, रोहेकर आणि या दोन गावांच्या मध्ये कुठेही चढणाऱ्या-उतरणाऱ्या सभ्य स्त्री-पुरुषांना अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, प्रस्तुत लेखकाला पित्ताचा त्रास कधीही नव्हता. दीड वर्ष त्याने चारचौघांत ज्या गोळ्या घेतल्या, ज्यांच्यासाठी शेजारणींनी कोकमाचं सरबत पाठवलं, सासुरवाडीहून मोरावळ्याची बरणी आली, आणि ज्यांच्या नावाखाली त्याने नावडत्या लग्नांतल्या पंगती चुकवल्या, त्या गोळ्या पित्ताच्या नव्हत्या. मनाच्या होत्या. सरबत आणि मोरावळा परत करता येण्याच्या स्थितीत नाहीत, याबद्दल दिलगिरी.

कळवून झालं. आता कसं झालं ते सांगतो. सांगताना मी रंगात आलो तर थोडं सांभाळून घ्या, कारण ही गोष्ट मी एकदा फार रंगवून सांगितली होती आणि तिथेच माझी फजिती झाली.

मी पेणला गणपतीच्या कारखान्यात आखणी करतो. मूर्ती साच्यातून निघाली, घासून झाली, अंगाचा रंग, पितांबर, दागिने सगळं झालं, की शेवटी तिचे डोळे काढतो तो मी. तोवर ती माल असते. तिच्या मांडीवर कुणी चहाचा कप ठेवतं, कुणी सोंडेला टॉवेल अडकवतं. डोळे काढले की त्याच मूर्तीकडे पाठ करून बसायला माणसं बिचकतात. पंचवीस वर्षं मी हे करतोय आणि त्याचा मला माज होता. खिडकीजवळची उजेडाची जागा माझी. मी ब्रश उचलला की रेडिओ बंद. आणि आमच्यात अशी रीत आहे की आखणी करणाऱ्याने रंगाबद्दल काही म्हटलं की तो शेवटचा शब्द. तो पातळ म्हणाला की पातळ, जाड म्हणाला की जाड. त्यावर कारखान्याचे शेठसुद्धा बोलत नाहीत. ही रीत मी कशी वापरली ते सांगायचं आहे, म्हणूनच हे लिहायला बसलोय.

दीड वर्षापूर्वी मला काही वाटेनासं झालं. दुःख झालं असतं तर बरं होतं. दुःख मी छान सांगतो, ऐकणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी आणतो. पण हे नुसतं रिकामं होतं, पहिला हात मारून कोपऱ्यात विसरलेल्या मूर्तीसारखं. जेवण बेचव, माणसं लांब, सकाळ नकोशी. शेवटी डॉक्टरकडे गेलो, पण रोह्याला. पेणला मनाचे डॉक्टर नाहीत असं नाही. पण त्यांच्या दारासमोर पापडवाली बसते आणि तिला अख्खं पेण ओळखतं. म्हणून दर महिन्याला एसटी धरून रोह्याला जायचं, तिथे तोंडावर रुमाल धरून जिना चढायचा, आणि घरी येऊन पित्ताच्या गोळ्या आणल्या म्हणून सांगायचं. बायकोलाही पित्तच सांगितलं होतं.

गोळ्यांनी गुण आला. माझे किस्से परत सुरू झाले, जेवणाच्या सुट्टीत माझ्याभोवती माणसं जमायला लागली. आणि बरं वाटायला लागल्यावर मला लाज वाटायला लागली. आपण देवाचे डोळे काढणारा माणूस, आणि आपलंच डोकं गोळीवर चालतं. मग गुढीपाडव्याला नव्या वर्षाचा संकल्प म्हणून उरलेलं सगळं पाकीट मी भोगावतीच्या पुलावरून खाली टाकलं. डॉक्टरांना विचारलं नाही. विचारतात ते घाबरट, असं माझं मत होतं. हात जोडून नदीला नमस्कारसुद्धा केला. कुणी बघत नव्हतं याचं थोडं वाईट वाटलं.

तिसऱ्या दिवशी डोक्यात स्टार्टर बसला. जुनी ट्यूबलाइट लागताना जशी चिट् चिट् करते, तसं. डोळे एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला फिरवले की कवटीच्या आतून एक झटका जायचा आणि क्षणभर जग सरकायचं. घाम यायचा, मळमळायचं. साबणाच्या जाहिरातीत आई मुलाला न्हाऊ घालत होती ते बघून मी हुंदके दिले. बायको म्हणाली, पित्त डोक्यात गेलंय.

आता आखणीचं काम कसं असतं ते ऐका. आधी डावा डोळा काढायचा, मग उजवा, आणि दोन्ही जुळावेत म्हणून नजर सारखी इकडून तिकडे, तिकडून इकडे न्यावी लागते. नेमकं जे केल्यावर झटका बसायचा, तेच माझं दिवसभराचं काम. आखाती देशात जायचा माल तयार होता, त्यातल्या सात मूर्तींचं उजवं बुबुळ मी घसरवलं. केसभरच. पण डोळ्यात केसभर म्हणजे फार होतं. सातही गणपती एका डोळ्याने भक्ताकडे आणि दुसऱ्याने हातातल्या मोदकाकडे बघायला लागले.

शेठ आले. सातही मूर्ती एकेक करून बघितल्या. मग त्यांनी मला विचारलं, हे काय झालं.

मी म्हणालो, "रंग पातळ आहे. ओघळतोय."

चार शब्द. पंचवीस वर्षांत मी इतकं कमी कधी बोललो नव्हतो.

रंग कालवणारी बाई तिथेच उभी होती. खाडीकडच्या गावातली, माझ्याहून पाच-सहा वर्षांनी लहान, मला दादा म्हणते. तिच्या माहेरी मिठागरं होती. रंगाचा अंदाज ती मोजमापाने नाही, दोन बोटांत घासून घेते, आणि सोळा वर्षांत तिच्या डब्यात मला कधी एक गुठळी मिळाली नव्हती. तिने डब्यात बोट बुडवलं, अंगठ्यावर घासलं, माझ्याकडे बघितलं. बोलायची रीतच नव्हती. दुसऱ्या दिवशी शेठनी तिला घासकामाला बसवलं. म्हणजे पॉलिश पेपर घेऊन दिवसभर कच्च्या मूर्ती घासायच्या आणि पांढरी धूळ नाकात घ्यायची. नवीन आलेल्या बायकांचं काम ते. सात मूर्तींचे डोळे पुसून मी हळूहळू परत काढले. डोळे जागच्या जागी ठेवून घुबडासारखी अख्खी मान फिरवत काढले. जमले. पण जमले हे कुणाला सांगता येईना, कारण मग रंगाचं काय झालं होतं?

झटके थांबेनात तेव्हा रोह्याला गेलो. डॉक्टर बाहेरगावी होते, गुरुवारी येणार होते. काउंटरवरच्या बाईंनी माझ्याकडे एकदा बघितलं आणि म्हणाल्या, मागच्या खोलीत जुने पेशंट चहाला बसलेत, तुम्हीही बसा. दर आठवड्याला बसतात, आपापलं बोलतात, डॉक्टर नसले तरी बसतात.

मी आत गेलो आणि दारातूनच जाहीर केलं की मी पेशंट नाही. एका मित्रासाठी विचारायला आलोय. त्या मित्राने गोळ्या एकदम बंद केल्या आहेत.

खोलीत तिघं होती. केमिकल कंपनीत शिफ्ट करणारा एक, निवृत्त शिक्षिका एक, आणि पांढऱ्या दाढीचे एक चाचा, जे वीस वर्षं आखातात ट्रक चालवून परत आले होते. तिघांनी एकमेकांकडे बघितलं. शिफ्टवाला म्हणाला की पहिल्या दिवशी तोही मित्रासाठीच आला होता. शिक्षिकाबाईंनी सांगितलं, त्या जावेसाठी आल्या होत्या आणि त्यांना जाऊच नाही.

चाचांनी बशीत चहा ओतला. "तुझा दोस्त पण मान वळवताना डोळे मिटतो काय रे भाऊ?"

मी डोळे मिटूनच त्यांच्याकडे वळलो होतो.

त्यांच्या गोळ्या तिकडे वाळवंटात संपल्या होत्या, दहा दिवस मिळाल्या नव्हत्या. आरशात बघायला डोळे फिरवले की करंट. त्यांना वाटलं ऊन लागलंय. डोक्यावर ओला टॉवेल ठेवून ट्रक चालवला, आणि एका वळणावर गाडी बाजूला लावून लहान पोरासारखे रडले. हे त्यांनी बिस्किट बुडवत सांगितलं. मला इतकं हलकं वाटलं की काय सांगू. महिनाभर मला वाटत होतं, माझ्या मेंदूची वायर जळली. इथे एक माणूस चहा पिता पिता सांगत होता की असं होतं, त्याला झालं, आणि गेलं.

"पण आपल्या आपण शहाणपणा करायचा नाय," चाचा म्हणाले. "गुरुवारी डॉक्टर ओरडतील ते ऐकून घे. ओरडतात, पण मारत नाय."

डॉक्टर ओरडले. गोळी परत सुरू केली आणि सांगितलं की बंद करायचीच असेल तर त्यांच्या देखरेखीखाली, इतकी हळू की मला कंटाळा यावा. झटके विरत गेले. त्या दिवसांत चाचा रोज सकाळी फोन करायचे आणि सलाम-नमस्कार न करता विचारायचे, करंट किती? मी सांगायचो, आज चार वेळा. ते म्हणायचे, काल सहा होते ना, मग चल कामाला लाग. एवढंच बोलणं. पण त्या फोनसाठी मी चहा थांबवून ठेवायचो. बायकोला मी तेव्हाच खरं सांगितलं. ती म्हणाली, पाकिटावरचं नाव तिने पहिल्याच आठवड्यात मोबाइलवर शोधलं होतं, फक्त मी कधी सांगतो याची वाट बघत होती. मोरावळा का मागवलास मग, असं विचारलं, तर म्हणाली, मला आवडतो.

इथे गोष्ट संपायला हरकत नव्हती. पण त्या खोलीत मला प्रेक्षक मिळाले होते. पुढे एकदा चहाला बसलो असताना मी त्यांना तिरळ्या गणपतींचा किस्सा सांगितला. उभं राहून, अभिनयासकट. मोदकाकडे बघणारा डोळा करून दाखवला, शेठचा चेहरा करून दाखवला. शिफ्टवाला हसता हसता खुर्चीवरून घसरला. चाचा डोळे पुसत होते. मी खूश.

मग शिक्षिकाबाईंनी सहज विचारलं, शेठना काय सांगितलंत?

मी म्हणालो, रंगावर ढकललं. आणि हसलो.

"रंग कोण करतं तुमच्याकडे?"

मी सांगितलं. आता ती कुठे आहे तेही सांगितलं, कारण त्यांनी विचारलं. खोलीत कुणी हसेना. कुणी रागावलं असतं तर मी काही तरी बाजू मांडली असती, पण कुणी रागावलंही नाही. चाचांनी माझ्या कपात उरलेला चहा ओतला आणि दुसराच विषय काढला. मला कळलं की इतके दिवस माझ्या मनातसुद्धा हा किस्सा प्रत्येक वेळी तिच्या नावाच्या आधी संपत होता. मी तो तसा बेतलाच होता.

तरी दोन आठवडे मी काही केलं नाही, हे लिहून ठेवतो. ती माझ्या जागेपासून दहा पावलांवर तोंडाला पदर बांधून मूर्ती घासायची, भुवया पांढऱ्या व्हायच्या, खोकायची. नवीन पोरगी रंग कालवायची, त्यात गुठळ्या निघायच्या आणि मी गप्प बसून त्या ब्रशच्या टोकाने वेचायचो. रोज ठरवायचो, आज सांगू. पण रंग चांगला होता म्हटलं की हात का हलला ते सांगायला लागणार, आणि हात का हलला म्हटलं की गोळ्या आल्या. गोळ्यांचा माणूस डोळे काढतो हे कळलं तर मला खिडकीजवळून उठवतील, ही भीती. तिला उठवलं तेव्हा मला तिच्यासाठी अशी भीती वाटली नव्हती. मग घासकामातल्या एका बाईने बातमी सांगितली की ती काम सोडून दुसरीकडे चाललीय, शनिवार शेवटचा.

शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीत सगळे पोत्यांवर डबे उघडून बसले होते. शेठही होते. मी उभा राहिलो. लोकांना वाटलं किस्सा आहे, दोघांनी घास हातात धरून माझ्याकडे तोंडं केली. मी घरून भाषण तयार करून आणलं होतं, त्यात विरामसुद्धा ठरवलेले होते. त्यातलं काही आठवलं नाही. मी म्हणालो, रंग पातळ नव्हता. मी मनाच्या आजाराच्या गोळ्या घेतो, त्या एकदम सोडल्या होत्या, डोकं ठिकाणावर नव्हतं, नजर हलली, आणि मी खोटं बोललो. आवाज इतका बारीक आला की मागच्यांनी शेठना विचारलं, काय म्हणाले?

शेठनी ते त्यांना पुन्हा सांगितलं. माझी लाज दुसऱ्याच्या तोंडून परत ऐकली. मग शेठनी मला एवढंच विचारलं की आता नजर ठीक आहे ना. मी हो म्हणालो. साचे भरणारा माणूस डब्यात बघत पुटपुटला की त्याची बहीण पण जाते, रोह्यालाच. कुणी तरी "असू दे, असू दे" म्हणालं. मला खरं सांगायचं तर भरून आलं. वाटलं, माफ झालं, किती मोठ्या मनाची माणसं ही, आणि आपणही काय धीर केला. मी डोळे पुसायला रुमाल काढला.

तिने तोवर डबा बंद केला होता. उठली, अंगावरची धूळ झटकली, आणि सगळ्यांसमोर तिच्या तोंडून निघून गेलं, "गोळ्या घेतल्यात त्याची कसली लाज वो दादा? माझा रंग पातळ बोललात, त्याची धरा."