उजव्या कोपऱ्यातल्या चपला

मावशीच्या घराला तीन पायऱ्या आहेत आणि सगळ्यात वरच्या पायरीचा उजवा कोपरा माझा. म्हणजे होता. कुणी कागदावर लिहून दिलेला नव्हता, पण सहा वर्षं मी तिथेच चपला ठेवत आले. सातव्या वर्षी तिथे दुसऱ्याच कुणाच्या निळ्या रबरी चपला दिसल्या आणि माझं डोकं फिरलं. चपलांवरून कुणाचं डोकं फिरतं का, असं म्हणून हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या.

मी एक्स-रे काढते. सरकारी दवाखान्याच्या तळघरात बसून "श्वास घ्या, रोखा, सोडा" हे दिवसातून साठ वेळा म्हणते. वर्षातून एकदा आठ दिवसांची रजा टाकते, पाठीवर पिशवी मारते आणि त्या गावाला जाते. गाव कसलं, पन्नास-साठ घरं, एक टपालखाना, एक मोठं हॉटेल, आणि त्यापुढे जमीन संपते. एकदम संपते. खाली घळ, घळीच्या तळाशी नदी, दोन्ही बाजूंना लाल कातळाच्या भिंती आणि त्यांच्या अंगावरून वेडीवाकडी उतरणारी एकच पायवाट. बस जिथे सोडते तिथून पुढे सामानाच्या जीपमध्ये पोत्यांवर बसून जावं लागतं. हॉटेलात उतरणाऱ्यांना वेगळी गाडी असते. ती मला परवडत नाही, आणि परवडली तरी मी बसणार नाही. कमी खर्चात फिरण्याचा मला माज आहे, खोटं कशाला बोलू!

मावशी माझी सख्खी नव्हे. अख्खं गाव तिला मावशीच म्हणतं. तिचे वडील खेचरं हाकायचे. गावात नळ नव्हता तेव्हा ही नऊ-दहा वर्षांची पोर त्याच वाटेने खालून पाणी आणायची, दिवसाला दोन खेपा. लग्न झालं, नवरा लवकर गेला, मग मोठ्या हॉटेलच्या धोबीखान्यात लागली आणि बावीस वर्षं तिने लोकांच्या चादरी पिळल्या. गुडघे गेले तेव्हा हॉटेलवाल्यांनी निरोपाचं भाषण ठोकलं आणि मोडीत काढलेल्या आठ लोखंडी खाटा तिला देऊन टाकल्या. दुसरी असती तर भंगारवाल्याला बोलावलं असतं. हिने त्या आपल्या दोन खोल्यांत मांडल्या आणि दारावर पाटी लावली, 'झोपायला जागा मिळेल'. खाटांवर हॉटेलच्या खोल्यांचे आकडे अजून आहेत. माझी चौदा नंबरची, खिडकीजवळची. आणि चादरी अशा पांढऱ्याशुभ्र की हॉटेलवाल्यांनी तोंडात बोटं घालावीत.

आता चपलांचं सांगते. खालची लाल धूळ घरात आली की मावशीचा पारा चढतो. म्हणून बूट बाहेर आणि घरात चपला. घळीत उतरायचं असेल तर चपला पायरीवर ठेवायच्या, तोंड रस्त्याकडे करून. परत आलं की त्याच घालून आत जायचं. संध्याकाळी घराची सावली समोरच्या टपालखान्याच्या दाराला लागली की मावशी झाडू घेऊन बाहेर येते आणि पायरी बघते. चपला उरल्या असतील तर माणूस खाली आहे. मग ती कोपऱ्यावर टांगलेला लोखंडी पत्रा बडवते आणि खेचरवाले शोधायला उतरतात. पायरी रिकामी असली तर म्हणते, "आले सगळे," आणि चहाचं आधण ठेवते. वही नाही, फोन नाही. खाली फोन लागतच नाही. नव्या पाहुण्यांना हा नियम मी समजावून द्यायचे, मावशीपेक्षाही जास्त तोऱ्यात.

माझ्या चपला तर मी घरी परतल्यावरसुद्धा तिथेच राहायच्या, चुलीशेजारच्या कोनाड्यात. "कशाला ओझं नेतेस? राहू देत," असं ती दुसऱ्याच वर्षी म्हणाली होती. असा मान दुसऱ्या कुणाला नव्हता. वर्षभर दवाखान्यात कुणी माझ्यावर खेकसलं की मी मनात म्हणायचे, खेकस बाबा, माझ्या चपला तिकडे कोनाड्यात आहेत.

यंदा पोचले तर पिवळी आधीच हजर. खरं नाव मी विचारलं नाही, पिशवी पिवळीधमक होती म्हणून पिवळी. पंचवीस-सव्वीसची असेल. मला बघून म्हणाली, "या काकू!" काकू! मी पंचेचाळीसची आहे, केस काळे आहेत. रंगवलेले आहेत, पण काळे आहेत. पोत्यांवर बसून आल्याचं मी जरा ऐटीत सांगितलं तर ही म्हणते, "मी दुधाच्या गाडीतून आले, फुकट. खाट पण नको म्हटलं मावशीला. गच्चीवरच झोपते." झालं! काटकसरीतसुद्धा ही माझ्यावर कडी करणार.

मावशीला 'तू' म्हणायला मला तीन वर्षं लागली होती. ही दुसऱ्या दिवशी, "मावशी, तुझा लसूण सोलून देऊ का गं?" आणि मावशी विरघळली! संध्याकाळी बघते तर पिवळी तिच्या गुडघ्यांना तेल चोळतेय. सहा वर्षं मी त्या गुडघ्यांना "शिडी चढू नकोस" एवढाच सल्ला देत आले होते. तेल चोळायचं मला कधी सुचलं नाही, आणि ते तिला सुचलं याचाच मला जास्त राग आला.

एकोणीस वर्षांत मावशी खाली उतरलेली नाही. म्हणून रोज चहाच्या वेळी विचारते, पाणी कुठवर आहे, मोठा दगड जागेवर आहे का. ते सांगायचं काम माझं असायचं. यंदा मी तोंड उघडते न उघडते तोच पिवळीने वहीत काढलेलं घळीचं चित्र पुढे केलं. मावशी ते अगदी नाकाशी धरून कितीतरी वेळ बघत बसली. माझं सांगणं राहिलं ते राहिलंच. तिसऱ्या दिवशी तर दोघी स्वयंपाकघरात खिदळत होत्या आणि मी दारात गेले तशा गप्प झाल्या. "काय चाललंय?" मी विचारलं. "काही नाही गं, असंच," मावशी म्हणाली. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. जळत होते मी, सरळ सांगते.

चौथ्या दिवशी पिवळी नदीपर्यंत जाणार होती. सकाळी तिचं तोंड बघायला नको म्हणून मी आधीच बाहेर पडले आणि कड्याच्या कडेकडेने नुसती पाय आपटत फिरले. दुपारी परतले. पायरीवर, उजव्या कोपऱ्यात, निळ्या चपला. माझ्या चपला बाजूला सरकवलेल्या. चारच बोटं, पण सरकवलेल्या!

तळपायाची आग मस्तकात गेली. मी माझ्या चपला पायात सरकवल्या, त्या निळ्या उचलल्या, आत नेल्या आणि चौदा नंबरच्या खाटेखाली कोंबल्या. येऊ दे म्हटलं, येऊ दे नाचत तापल्या पायरीवरून अनवाणी. नियम मला ठाऊक नव्हता का? मीच तर शिकवायचे! पण त्या क्षणी ती कशाची खूण आहे हे माझ्या टाळक्यातच आलं नाही. मला ते तिचे पाय वाटले, माझ्या जागेवर पसरलेले. अर्ध्या तासात येईल, तेवढ्यात जिरेल, असं म्हणत मी आडवी झाले आणि माझा डोळा लागला.

जाग आली ती मावशीच्या आवाजाने. बाहेर झाडू वाजत होता आणि ती म्हणत होती, "आले सगळे."

मी ताडकन उठून बसले. खिडकीतून बघितलं तर सावली टपालखान्याच्या दारावरून वर छपराकडे निघाली होती. निळ्या चपला खाटेखाली होत्या. बाहेर जाऊन बोलायचं होतं, पण काय बोलणार? तुझ्या लाडकीच्या चपला मी लपवल्या? मावशीने कप पुढे केला आणि मी तो घेतला. अख्खा कप प्यायले. गच्चीवर असेल, टपालखान्यात असेल, येईलच आता, असं घोकत प्यायले.

"अगं पोरी, चहा निवतोय!" मावशीने गच्चीकडे हाक मारली. उत्तर आलं नाही. "झोपली वाटतं," असं पुटपुटत तिने पदर खोचला आणि शिडीच्या पहिल्या दांडीवर पाय ठेवला. गुडघा कडकन वाजलेला मला ऐकू आला.

"मावशी, चढू नकोस," मी म्हटलं. "ती आलेली नाही."

"पायरीवर चपला नाहीत ना."

"मी उचलल्या. माझ्या खाटेखाली आहेत."

तिने माझ्याकडे पाहिलं. चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. ती शिडीवरून पाय काढून माझ्या अंगावरून बाहेर गेली. त्या गुडघ्यांनी ती इतकी झपाझप चालताना मी कधी पाहिली नव्हती. पुढच्याच क्षणी पत्रा वाजायला लागला.

खेचरवाले निघेपर्यंत मी थांबलेच नाही. वर अजून उजेड होता, पण घळीत अंधारून आलं होतं. बूट घातले होते, नाड्या बांधल्या नव्हत्या. दर वळणावर हाका मारत सुटले. देवा, तिला काही होऊ देऊ नकोस, मी तिला कोपरा देईन, कोनाडा देईन, काय हवं ते देईन, असं काहीबाही बडबडत होते. चौथ्या वळणाखाली, जिथे वाटेचा कठडा ढासळलाय, तिथे पिवळी पिशवी दिसली. शेजारी ती पाय लांब करून बसली होती.

"काकू! वाटलंच मला, तुम्हीच याल."

घोटा टम्म सुजला होता. मी बोटांनी चाचपला. "मोडलेला नाहीये. मुरगळलाय. किती वेळ बसलीस?"

"खूप वेळ झाला. पण मी घाबरले नाही." दात वाजत होते तिचे. "चपला आहेत ना पायरीवर, म्हटलं. आणि उजव्या कोपऱ्यात ठेवल्यात, म्हणजे काळजीच नाही."

"उजव्या कोपऱ्यात का पण?"

"मावशीनेच सांगितलं. तिला आताशा संध्याकाळचं नीट दिसत नाही, कुणाला बोलत नाही ती. म्हणाली, त्या एक्स-रेबाईच्या चपलांना अगदी खेटून ठेव. माझं चुकेल, तिचं चुकायचं नाही."

मी तिच्या घोट्याला फडकं बांधत होते. गाठ बसेना.

"रोज तुमचंच सांगत असते," पिवळी म्हणाली. "पहिल्या वर्षी तुम्ही जीपमधून कांद्याच्या पोत्यासकट खाली पडलात ना, ते पण सांगितलं. आम्ही इतक्या हसलो! पण म्हणाली, तिच्यासमोर हसू नकोस, मनाला लावून घेते. काकू, तुम्हाला धाप लागलीय. बसा ना जरा."

मी बसले. तिला खरं सांगायला मला पुष्कळ वेळ होता. मी फडकंच सोडून पुन्हा बांधत राहिले, तोवर खेचरवाले आले.

वर मावशी पत्र्यापाशीच उभी होती. तिने पिवळीला पोटाशी धरलं, आत नेऊन तिचा पाय गरम पाण्यात ठेवला. "मावशी, माझ्या चपला कुठायत?" पिवळीने विचारलं. "आत ठेवल्यात," मावशी म्हणाली, एवढंच. माझं नाव घेतलं नाही. मला ताट वाढलं आणि म्हणाली, "जेव." मी खाली मान घालून जेवले.

माझी रजा अजून उरली होती, तरी सकाळच्या जीपने आम्ही दोघी निघालो. पिवळीचा पाय चपलेत शिरेना. "मावशी, ह्या इथेच राहू देत का गं? एका पायात घालून काय करू!"

"राहू देत," मावशी म्हणाली. तिने चाचपत कोनाडा शोधला आणि निळ्या चपला तिथे ठेवल्या. पहाटे मी माझ्या चपला तिथेच ठेवल्या होत्या, पण कोनाडा रिकामा होता.

खेचरवाल्याने पिवळीला उचलून जीपमध्ये बसवलं. मी पिशवी पाठीला लावत होते तेव्हा मावशीने माझ्या हातात एक पुडकं दिलं. वर्तमानपत्रात नीट गुंडाळून सुतळीने बांधलेलं, हॉटेलात धुतलेले कपडे बांधून द्यायची तसं. आत काय आहे ते हाताला कळलं.

"पुढच्या वर्षी येताना आणू ना?" मी विचारलं.

"आण की," ती म्हणाली. "सगळेच आणतात."

जीप सुटली. पिवळी पोत्यावर पाय ठेवून बसली होती. तिची नजर माझ्या मांडीवरच्या पुडक्यावर गेली आणि तिचं तोंड जरासं उतरलं.

"मजा आहे बाई तुमची, काकू," ती म्हणाली. "मला नाही दिलं तिने काही."