मशीनच्या पाठीवरची हळद

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. ऑफिसात तर नाहीच — तिथे या कामात माझं मोठं नाव आहे, आणि हल्ली त्या नावाचीच मला चीड येते. मग तुम्हाला का सांगतोय? कुठेतरी बोलायला हवं, एवढंच.

मी गोंडपिपरीचा. रेशन दुकानातली अंगठ्याची मशीनं दुरुस्त करतो. हातात मावणारं यंत्र, आत लिनक्स चालतं. नवं सॉफ्टवेअर आलं की ते प्रत्येक मशीनमध्ये चढवायचं, आणि नाही चढलं तर का नाही, ते शोधायचं. शोधायचं, बरं का. आपल्या मनानं ठरवायचं नाही.

जिवतीच्या डोंगरात एका गुड्यावरचं, म्हणजे गोंडांच्या पाड्यावरचं, रेशन दुकान बायांच्या बचत गटाकडे होतं. मैनाबाई ते चालवायची — गोंडाघरची, पन्नाशीची, सातवी शिकलेली. वाटप संपलं की मशीन बंद करायची, धुतलेल्या लुगड्याच्या फडक्यात गुंडाळून पत्र्याच्या डब्यात ठेवायची. मशीनच्या पाठीवर हळदीचा टिळा असायचा, दर वाटपाच्या आधी नव्यानं लावलेला. अख्ख्या गुड्याचं धान्य त्या यंत्रातून येतं म्हटल्यावर हळद लावायची नाही तर काय करायचं?

त्या महिन्यात डोंगरावर आठ दिवस लाइट नव्हती. मशीनची बॅटरी पार उतरून गेली. लाइट आल्यावर तिनं ते चार्ज केलं, पण नवं सॉफ्टवेअर काही चढेना, म्हणून मला बोलावलं. रेंजसाठी आम्ही दोघं मशीन घेऊन टेकडीवर गेलो, तिथे मी मोबाइलवरून नेट दिलं. फाइल पूर्ण उतरली, आणि चढवायची वेळ आली की फेल. पुन्हा फेल. तिसऱ्यांदाही फेल. शेवटची बस चारची होती. हे कारण म्हणून सांगत नाही — चारची बस दुसऱ्या दिवशीही होतीच की.

आमच्या फॉर्मवर दोनच चौकोन: यंत्राचा दोष, किंवा वापरणाऱ्याचा निष्काळजीपणा. ‘मला समजलं नाही’ असा चौकोन नाही. असता तरी मी खूण केली असती का? नसती केली. मला यातलं सगळं कळतं, असा माझा बोलबाला होता ना.

मी टिळ्याचा फोटो काढला. लिहिलं — यंत्रात पावडर शिरली आहे, वापरणाऱ्याचा निष्काळजीपणा. मशीन उघडून बघितलं होतं का? एका स्क्रूला हात लावला नव्हता. आणि माझी स्वतःची हत्यारांची पेटी? दर दसऱ्याला तिची पूजा होते. पेचकसाच्या मुठीतल्या खाचेत तेव्हाही कुंकू होतं. त्याच पेचकसाशेजारी मशीन ठेवून मी तो फोटो काढला. लाज कशी वाटली नाही मला?

“माया हातानं काई बिघडलं का, भाऊ?” तिनं विचारलं. मी म्हटलं, साहेब लोक बघतील.

साहेब लोकांनी बघितलं. गटाकडून दुकान काढून खालच्या गावातल्या दुकानाला जोडलं. आता गुड्यावरची म्हातारी माणसं अंगठा लावायला घाट उतरतात आणि तांदळाची पिशवी डोक्यावर घेऊन चढतात. शिवाय गावात बोलणं सुरू झालं, की बाईनं धान्य खाण्यासाठी मशीनमध्ये काहीतरी केलं असेल. जिनं एक दाणा इकडचा तिकडे केला नाही, तिच्याबद्दल. ऑफिसात तो फोटो फिरला आणि सगळे हसले. या लोकांना मशीन दिली की पूजा करत बसतात म्हणे. मीही हसलो. ज्यांच्या टेबलावर कंप्युटरला हार घातलेला होता, त्यांच्याबरोबर हसलो.

पंधरा दिवसांनी दुसऱ्या एका मशीनवर तोच घोळ झाला. यावेळी मी पडद्यावरची इंग्रजी ओळ वाचली. बॅटरी पार उतरली की मशीनचं घड्याळ कित्येक वर्षं मागे जातं. मग मशीनच्या दृष्टीनं नवं सॉफ्टवेअर अजून जन्मालाच आलेलं नसतं, आणि ते त्याला आत घेत नाही. तारीख नीट केली, दोन मिनिटांत चढलं. हळदीचा काही संबंध नव्हता.

त्याच दिवशी माझा रिपोर्ट मागे घेता आला असता. एक पत्र लिहायचं होतं. मी लिहिलं नाही. उलट तारखेची युक्ती साहेबांना सांगितली — माझा शोध म्हणून. शाबासकी मिळाली. मैनाबाईचं नावही काढलं नाही.

आणि अजून एक राहिलंय. इतका वेळ तेच टाळतोय.

त्या दिवशी टेकडीवर, दुसऱ्यांदा फेल झालं तेव्हा, ती माझ्या खांद्यामागून वाकून पडद्याकडे बघत होती. म्हणाली, “भाऊ, यातली तारीख बराबर नाई दिसून राह्यली.”

मी मान वर न करता म्हटलं, बाई, तुम्हाला यातलं समजत नाही. ती दोन पावलं मागे सरकून उभी राहिली.

आता मी नव्या पोरांना ट्रेनिंग देतो. फळ्यावर पहिलं वाक्य लिहितो — सगळ्यात आधी तारीख बघा. ते वहीत उतरवून घेतात. हे कोणी शोधलं, असं दर वेळी कुणीतरी विचारतं.

दर वेळी मी सांगतो, मी.